कर्मवीर भाऊराव पाटील : चतुर्विध दानाचा चालता-बोलता वस्तुपाठ

जैन धर्माने गृहस्थाला चार दाने सांगितली आहेत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी ज्ञानदान हे शिक्षकाचे काम, असे सामान्यतः मानले जाते. उरलेल्या तिन्हींचा शाळेशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडावा. परंतु उपाशी मुलाला धडा कळत नाही, तापाने फणफणलेल्या मुलाला पाढे आठवत नाहीत आणि ज्याला दाराबाहेर बसविले जाते त्याच्या कानांवर पडलेले ज्ञान मनापर्यंत पोहोचत नाही. आहार, औषध आणि अभय ही तीन दाने आधी दिली, तरच चौथे दान रुजते. हे सत्य ग्रंथ वाचून नव्हे, तर प्रत्यक्ष मुले सांभाळून ज्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले, ते जैन कुळात जन्मलेले थोर शिक्षणमहर्षी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील होत. ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. तरीही हजारो शिक्षक त्यांनी घडविले. त्यांच्या कार्याचा डोंगर सर्वांना दिसतो. तो डोंगर ज्या लहान लहान मायेच्या कृतींनी उभा राहिला, त्यांचे स्मरण करणे हा या लेखाचा हेतू आहे.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंना हे गाव परिचित आहे. त्यांच्या पूर्वजांचे मूळ ठिकाण दक्षिणेतील मूडबिद्री, म्हणजे जैनांची काशीच. पुढे हे घराणे सांगली भागातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात नोकरीला होते, तर आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे लहानग्या भाऊला निरनिराळी गावे पाहावयास मिळाली आणि त्या गावांतील माणसामाणसांमधील अंतरही दिसले.

अस्पृश्य मानलेल्या माणसांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून लहानपणी त्यांनी विहिरीवरचा रहाटच मोडून पाण्यात टाकला, अशी हकीकत त्यांच्याविषयी सांगितली जाते. मुलगा हूड होता, अभ्यासापेक्षा त्याला कुस्ती आणि पोहणे अधिक प्रिय होते. परंतु दुसऱ्याची तहान आणि दुसऱ्याचा अपमान त्याला सहन होत नसे.

कोल्हापूरचे दिवस

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या काळी आपल्या समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी अशी वसतिगृहे निघाली, ही मोठी पुण्याई होती. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे विद्वान गृहस्थ त्या बोर्डिंगचे अधीक्षक होते. मात्र तेथील शिस्त काटेकोर होती आणि सोवळे-ओवळेही होते.

१९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करूनच आत यावे, ही सूचना त्यांनी मानली नाही. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, हे त्यांच्या मनाला पटेना. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. एका विद्यार्थ्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले.

अशा वेळी राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. राजवाड्याच्या सावलीत राहण्याची आणि जेवणाखाण्याची सोय झाली. महाराजांचे मोठे निर्णय इतिहासात नोंदले गेले आहेत. पण एका बेघर मुलाला जागा देणे ही त्यांच्या दृष्टीने अगदी किरकोळ गोष्ट असावी. त्या मुलाच्या दृष्टीने मात्र ती किरकोळ नव्हती. पुढे त्याच मुलाने साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा त्याला नाव दिले ते शाहू महाराजांचे. घेतलेले ऋण फेडण्याची ही रीत प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. ज्याच्याकडून घेतले त्याला परत करणे शक्य नसेल, तर ते गरजवंताच्या खाती जमा करावे.

शाळेत गणिताने त्यांना दगा दिला. महाराजांच्या मर्जीतला मुलगा म्हणून त्याला वरच्या वर्गात घालावे अशी शिफारस झाली असता, तो बसतो ते बाक वर चढवीन, पण त्याला चढविणार नाही, अशा अर्थाचे उत्तर शिक्षकांनी दिले, अशी आठवण प्रसिद्ध आहे. त्या शिक्षकांचा बाणेदारपणा कौतुकास्पदच होता. दया म्हणजे खोटे गुण देणे नव्हे. पण ज्याला गणित येत नाही त्याच्याजवळ बसून ते शिकवणारा कोणीतरी हवा असतो, हेही तितकेच खरे. भाऊरावांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. पुढे त्यांनी उभारलेल्या प्रत्येक संस्थेत मागे पडलेल्या मुलाला जागा मिळाली, याचे बीज येथेच शोधावे लागते.

काही काळ मुंबईस जाऊन त्यांनी रत्नपारखीचे काम शिकण्याचाही प्रयत्न केला. त्यात त्यांचे मन रमले नाही. त्यांच्या नशिबी निराळी रत्ने पारखणे होते. साताऱ्यात येऊन ते मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. १९१० मध्ये सांगलीजवळच्या दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या साह्याने विद्यार्थी आश्रम सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

कसोटीचा क्षण

१९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतविण्याचा काहींचा प्रयत्न होता आणि त्यासाठी भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा दबाव आणला गेला. ज्या बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर पडावे लागले, त्याच बोर्डिंगचे लठ्ठे हे अधीक्षक. जुना राग काढण्याची याहून चांगली संधी कोणाला मिळाली असती? परंतु भाऊरावांनी साफ नकार दिला. कोठडीत त्यांचे अतोनात हाल झाले, तरीही ते खोटे बोलले नाहीत.

क्षमा हा आपल्या धर्माचा प्राण आहे. पर्युषणाच्या शेवटी आपण परस्परांची क्षमा मागतो. भाऊरावांनी ही क्षमा शब्दांत नव्हे, तर अंगावर वळ सोसून आचरली. ज्याने आपल्याला दूर केले त्याचेही अहित करावयाचे नाही, हा धडा स्वतः गिरवलेला माणूसच पुढे सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवू शकला.

नांगर, कंदील आणि मुले

उदरनिर्वाहासाठी भाऊरावांनी विक्रेत्याचा व्यवसाय पत्करला. ओगले बंधूंचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडत असत. साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा काही काळ संबंध होता. विक्रेता म्हणून ते यशस्वी झाले. गिऱ्हाईकाची नड ओळखणे, त्याच्या ओसरीवर बसून त्याच्या भाषेत बोलणे आणि त्याचा विश्वास संपादन करणे हे गुण त्यांच्या ठिकाणी होते. याच गुणांचा उपयोग पुढे शिक्षणाच्या कामी झाला.

फिरतीवर असताना त्यांना दिसे की नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याला पावतीवरचा आकडा वाचता येत नाही. कंदील घरात येतो, परंतु त्याच्या उजेडात पुस्तक उघडणारे कोणी नसते. एखादा चुणचुणीत मुलगा गुरांमागे धावताना दिसला की ते त्याच्या वडिलांशी बोलत आणि त्याच्या शिक्षणाची जबाबदारी अंगावर घेत.

शाळेच्या वर्गाबाहेर बसून शिकणाऱ्या ज्ञानदेव घोलप या अस्पृश्य समाजातील मुलाला त्यांनी असेच हात धरून नेले. कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावली. हाच मुलगा पुढे मुंबई कायदेमंडळाचा सभासद झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या मूकनायक पत्राचे संपादनही त्याने सांभाळले. वर्गाबाहेर बसलेल्या एका मुलाकडे थांबून पाहणे, एवढीच त्याची सुरुवात होती. त्या वाटेने जाणारे इतर अनेक जण असतील. थांबले ते भाऊराव.

काले ते सातारा

१९१९ च्या विजयादशमीस, ४ ऑक्टोबर रोजी, कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचे बोधचिन्ह म्हणून त्यांनी वटवृक्ष निवडला. वड आपल्या पारंब्या जमिनीत रोवतो आणि प्रत्येक पारंबीचे नवे खोड होते. शिकलेल्या मुलाने दुसऱ्याला शिकवावे, ही कल्पना त्या चित्रात होती.

१९२४ मध्ये त्यांनी आपले कार्य सातारा येथे हलविले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. हा काळ आपल्या मुळशीकरांनाही आठवावा असा आहे. १९२१ ते १९२४ या वर्षांत मुळशीच्या खोऱ्यातील शेतकरी धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह करीत होते आणि सेनापती बापट त्यांचे नेतृत्व करीत होते. जमीन हीच ज्याची विद्या, त्याची जमीन गेल्यावर पुढच्या पिढीने कशावर जगावे, हा प्रश्न मावळात उभा होता. त्याच वर्षांत साताऱ्याकडे एक माणूस शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती पाण्याखाली न जाणारी संपत्ती देण्याची खटपट करीत होता. दोन्ही कार्ये निराळी, पण दोहोंच्या मुळाशी रयतेविषयीचा कळवळा एकच.

धनिणीच्या बागेतील त्या वसतिगृहात ब्राह्मण, मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवत. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वहिनी म्हणत. या दोन संबोधनांत त्या वसतिगृहाचे सारे रहस्य आहे. तेथे व्यवस्थापक आणि लाभार्थी असे नाते नव्हते. ते एक मोठे घर होते.

वहिनींचे मंगळसूत्र

लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या जैन घरातून आलेल्या. सोवळे, व्रते, स्वयंपाकघराची शुद्धता यांत वाढलेल्या स्त्रीच्या चुलीपाशी एके दिवशी सर्व जातींची मुले येऊन बसली. आरंभी त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली असेल, याची कल्पना त्या काळच्या रूढी जाणणाऱ्यांना करता येईल. नातलग आणि समाज यांची नाराजीही होतीच. परंतु आईपासून दूर आलेले लहान मूल रात्री रडू लागते, तेव्हा त्याची जात कोणती हे कानाला कळत नाही. हळूहळू वहिनींच्या मनातील भिंत ढासळली आणि ती सारी मुले त्यांची झाली. त्यांना खाऊ-पिऊ घालणे, आजारपणात उशाशी बसणे हे सारे त्या आपल्या पोटच्या पोराप्रमाणे करू लागल्या.

वसतिगृहाचा खर्च वाढत होता आणि जमेची बाजू कायम अपुरी पडत होती. वहिनींचे दागिने एकामागून एक मोडले गेले. एकदा भाऊराव परगावी असताना घरातील धान्य संपले. मुले उपाशी राहणार असे दिसताच वहिनींनी गळ्यातील मंगळसूत्र काढून विकावयास दिले आणि मुलांच्या जेवणाची सोय केली. सौभाग्यवती स्त्रीला प्राणाहून प्रिय असलेला तो दागिना दुसऱ्यांच्या मुलांच्या भाकरीसाठी गेला. अपरिग्रहावर अनेक प्रवचने होतात. त्याचे इतके सोपे आणि इतके कठीण उदाहरण क्वचितच सापडेल.

१९३० मध्ये वहिनींचे निधन झाले. त्यांनी कधी खडू हाती धरला नाही, वर्गात एकही तास घेतला नाही. तरीही त्या वसतिगृहातील सर्वांत मोठ्या शिक्षिका त्याच होत्या. त्यांच्या हातची भाकरी खाऊन मुलांनी जे शिकले, ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते.

या मायेचा परिणाम काय झाला, हे बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्या जीवनावरून दिसते. गरीब घरातून आलेला हा मुलगा वसतिगृहात वाढला, इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला. परदेशी पदवी घेऊन आलेल्या या तरुणाला मोठ्या पगाराच्या वाटा मोकळ्या होत्या. तो परतला तो अण्णांच्या संस्थेत. साताऱ्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद आणि कालांतराने शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. ज्याला पगार देऊन माणूस बांधून ठेवता येत नाही, त्याला लहानपणीच्या मायेने बांधता येते.

मूठभर धान्य

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहताना पाहून गांधीजींना समाधान वाटले आणि पुढे त्यांनी वार्षिक मदतीचीही व्यवस्था करविली. १९३२ मध्ये येरवड्याचा ऐक्य करार झाला, त्याची स्मृती म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू केले.

पैसा उभा करण्याची त्यांची पद्धत व्यापाऱ्यालाही विचार करावयास लावणारी होती. मोठ्या देणगीदारांवर सारा भार न टाकता त्यांनी मुष्टी फंड सुरू केला. घरातील स्त्रीने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि ते वसतिगृहासाठी द्यावयाचे. एका मुठीने कोणाचे घर रिकामे होत नाही. मात्र शेकडो मुठींनी एका वसतिगृहाची कोठी भरते. शिवाय जिने मूठ दिली तिला ते वसतिगृह आपले वाटते. थेंबे थेंबे तळे साचे या न्यायाने लहान दयेचे मोठे भांडवल त्यांनी जमविले.

दयेबरोबर स्वाभिमानही त्यांनी जपला. मुलाला फुकट घेण्याची सवय लागू नये, म्हणून प्रत्येकाला श्रम करावे लागत. दळणे, पाणी भरणे, झाडलोट, शेतातील कामे ही मुलेच करीत. स्वतः भाऊराव जाड खादी वापरीत, खांद्यावर घोंगडी टाकीत. ज्याच्या अंगावर आपल्यासारखेच जाडेभरडे वस्त्र आहे, त्याच्यापुढे खेड्यातील मूल बुजत नाही. कपड्यालाही बोलता येते आणि अण्णांचा कपडा मुलांशी आपुलकीने बोलत असे.

शिक्षकांचे शिक्षक

एका माणसाची माया किती मुलांना पुरणार? हे ओळखून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले. खेड्यात जाऊन राहील, मुलांत मिसळेल असा शिक्षक त्यांना हवा होता. पुढे त्यांनी ज्या गावांत शाळाच नाही तेथे स्वयंसेवी शाळा काढण्याचा सपाटा लावला. झाडाखाली, देवळात, धर्मशाळेत, मिळेल तेथे वर्ग भरू लागले.

१९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात सुरू झाले. श्रम करून शिकावे, या तत्त्वावर तेथे गरीब मुलांना विनामूल्य शिक्षण मिळू लागले. महाविद्यालयास आपले नाव दिल्यास मोठी रक्कम देण्याची तयारी एका धनिकाने दाखविली असता, प्रसंगी वडिलांचे नाव बदलीन पण शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याची आठवण आजही सांगितली जाते. दान देताना फलकाकडे डोळा ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही आठवण जपून ठेवावी.

अखेरचे पर्व

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी बहाल केली. गणितात अडखळलेल्या विद्यार्थ्याचा विद्यापीठाने केलेला हा गौरव होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ स्वयंसेवी शाळा, ६ अध्यापन विद्यालये, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये होती. आज या वटवृक्षाच्या शाखांची संख्या सातशेहून अधिक आहे.

हे आकडे डोळे दिपविणारे आहेत. परंतु आकड्यांचा जमाखर्च मांडताना त्यांची मूळ नोंद विसरता कामा नये. एका बेघर विद्यार्थ्याला मिळालेला आसरा, वर्गाबाहेरच्या एका मुलाचा धरलेला हात, रडणाऱ्या पोराच्या उशाशी बसलेली एक माउली आणि जात्यापाशी बाजूला काढलेली धान्याची एक मूठ, या त्या मूळ नोंदी होत. यांतील एकाही गोष्टीला फारसा पैसा लागला नाही. लागले ते लक्ष.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा आणि पुढचा हिशोब मांडण्याचा प्रसंग असतो. विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके आणि शिष्यवृत्त्या देणे हे सत्कार्य समाजात सर्वत्र चालते आणि चालावेच. पण वही देताना मुलाचे नाव विचारावे, तो जेवून आला आहे का याची चौकशी करावी, मागच्या परीक्षेत तो कोठे अडला हे जाणून घ्यावे. शिक्षकांनी शेवटच्या बाकापर्यंत चालत जावे. आपल्या मुळशीच्या वाड्यावस्त्यांतून लांबची पायपीट करून शाळेत येणाऱ्या मुलाला उशीर झाला, तर शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या पायांकडे पाहावे. चारही दाने एकाच वेळी देण्याची संधी प्रत्येक शिक्षकाला रोज सकाळी घंटा वाजताच मिळते.

रयतेच्या लेकरांना पोटाशी धरणाऱ्या कर्मवीर अण्णांना आणि वहिनींना विनम्र अभिवादन.